स्पिरिट माउंडला जाताना: कधी निघावं, कसं चढावं, वर काय पाहावं

साउथ डकोटा राज्यात व्हर्मिलियन नावाचं छोटं विद्यापीठाचं गाव आहे. तिथून उत्तरेला सहा मैलांवर, म्हणजे साधारण दहा किलोमीटरवर, सपाट शेतीच्या मधोमध एक एकटी टेकडी दिसते. तीच स्पिरिट माउंड. पायथ्याच्या वाहनतळापासून माथ्यापर्यंतची पायवाट पाऊण मैल, सुमारे १.२ किलोमीटर. चढ एकूण तीसेक मीटरचा. सावकाश चालणाराही पंचवीस मिनिटांत वर पोचतो. म्हणूनच बरेच जण वर जाऊन चार फोटो काढून अर्ध्या तासात गाडीत परततात आणि ‘एवढंच?’ असं म्हणतात. टेकडी छोटीच आहे, पण तिला दोन तास द्यायला हवेत आणि ते दिवसाच्या योग्य वेळी द्यायला हवेत. वेळ कशी निवडायची, वाटेत आणि माथ्यावर काय बघायचं आणि कशापासून जपायचं, ते पुढे सांगितलं आहे.

जागा कशी आहे

२५ ऑगस्ट १८०४ रोजी मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क, म्हणजे अमेरिकी सरकारनं पश्चिमेकडचा प्रदेश धुंडाळायला पाठवलेल्या मोहिमेचे दोन प्रमुख, काही निवडक माणसं घेऊन मिझुरी नदीकाठच्या आपल्या होड्यांपासून पायी निघाले आणि दुपारी बाराला या टेकडीवर पोचले. त्यांच्या मोहिमेचा मार्ग हजारो मैलांचा होता, पण नदीनं तेव्हापासून पात्रं बदलली, धरणं झाली, मुक्कामाच्या जागा वाहून गेल्या. ‘ते नेमके इथेच उभे होते’ असं खात्रीनं म्हणता येईल अशा फार थोड्या जागा आज उरल्या आहेत. स्पिरिट माउंडचा माथा त्यांतला एक आहे.

ते इथे आले ते टेकडीबद्दल ऐकून. ओमाहा, ओटो आणि सू या तिन्ही मूळ रहिवासी समाजांत या टेकडीचा धाक होता. सुमारे अठरा इंच, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीची, मोठ्या डोक्याची, टोकदार बाण बाळगणारी माणसं इथे राहतात आणि जवळ येणाऱ्याला मारतात, असं क्लार्कला सांगण्यात आलं होतं. ते त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. सू समाजाच्या लकोटा भाषेत टेकडीला ‘पहा वकान’, म्हणजे पवित्र टेकडी म्हणतात. मूळ रहिवासी समाजांसाठी ती आजही पवित्र आहे, हे वाटेला लागण्यापूर्वी मनात पक्कं असू द्या. वर गेल्यावर मोठ्यानं गाणी लावणं, दगडांच्या उतरंडी रचणं, दगड किंवा फुलं खिशात घालणं हे इथे शोभत नाही. कुणी कापडाची पट्टी बांधलेली किंवा तंबाखू ठेवलेली दिसली तर तिला हात लावू नका. ती कचरा नव्हे, अर्पण केलेली वस्तू असते.

टेकडीभोवतीची ३२० एकर जमीन आज सार्वजनिक आहे. त्याआधी इथे शेती होती आणि पायथ्याशी गुरं पोसण्याचा गोठा होता. २००१ साली केंद्र सरकारच्या निधीतून आणि स्थानिक कार्यकर्त्यांच्या स्पिरिट माउंड ट्रस्टच्या खटपटीतून ही जमीन विकत घेतली गेली. बांधकाम हटवलं आणि देशी गवतांचं व रानफुलांचं बी पेरून प्रेअरी, म्हणजे इथलं मूळ गवताळ मैदान, पुन्हा उभी केली. देखभाल राज्याचा वन्यजीव व उद्यान विभाग करतो. म्हणजे तुम्ही ज्या गवतातून चालता ते १८०४ पासून जसंच्या तसं राहिलेलं नाही, ते माणसांनी कष्टानं परत आणलेलं आहे. उंच गवताची प्रेअरी एके काळी उत्तर अमेरिकेत सुमारे सतरा कोटी एकरांवर पसरली होती. तिचा चार टक्क्यांहूनही कमी भाग आज शिल्लक आहे. पायवाट सोडू नका असा आग्रह त्यामुळेच धरावा लागतो.

पोचायचं कसं

सू फॉल्सहून साधारण तासाभराचा, सू सिटीहून पाऊण तासाचा आणि ओमाहा शहराहून दोन तासांचा रस्ता आहे. तिन्हीकडून आंतरराज्य महामार्ग २९ धरायचा, २६ क्रमांकाच्या फाट्यावर उतरायचं, राज्य महामार्ग ५० नं पश्चिमेला व्हर्मिलियनला यायचं आणि तिथून महामार्ग १९ नं उत्तरेला वळायचं. वाहनतळ डाव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पश्चिमेला आहे.

इथे एक गोष्ट सांभाळा. रस्ता दुपदरी आहे, गाड्या वेगात असतात आणि टेकडी लांबून दिसत असल्यामुळे नजर तिच्यावरच राहते. वळण अचानक समोर येतं आणि मग चालक जोरात ब्रेक मारतो. व्हर्मिलियनच्या उत्तर टोकाला मैलांचा आकडा शून्यावर आणा आणि पाच मैल झाले की वेग उतरवायला लागा, डावा इंडिकेटर वेळेत द्या. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये सोयाबीन आणि मक्याची कापणी चालते, तेव्हा रस्त्यावर संथ चालणारी प्रचंड यंत्रं असतात. त्यांना ओलांडण्याची घाई करू नका. संध्याकाळी परतताना हरणं आडवी येतात.

पाणी भरणं, खाणं, स्वच्छतागृह ही सगळी कामं व्हर्मिलियनमध्येच उरका. पायवाटेवर पाणी मिळत नाही आणि सावली जवळपास नाहीच.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

प्रेअरी पाहायला बहुतेक लोक मे महिन्यात येतात, कारण तेव्हा बाकी सगळीकडे हिरवंगार असतं, आणि इथे मात्र गवत गुडघ्याएवढंही नसतं. यात बियाण्याचा किंवा देखभालीचा दोष नाही. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विच ग्रास ही इथली मुख्य गवतं उष्ण हवामानाची आहेत. जमीन तापल्यावर, मेच्या मध्यानंतर ती वाढीला लागतात, जुलैत कंबरेपर्यंत येतात आणि ऑगस्टअखेर तुऱ्यावर येतात. तेव्हा ओलसर सखल भागात बिग ब्लूस्टेम माणसाच्या डोक्यावरून जातं. गवत पाहायचं असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरअखेर हा काळ उत्तम. ऑक्टोबरमध्ये तेच गवत तांबूस होतं आणि हवा थंड असते. चालण्यासाठी आमची पहिली पसंती या महिन्याला.

फुलांसाठी जून-जुलै. तेव्हा जांभळा कोनफ्लॉवर आणि प्रेअरी क्लोव्हर फुलतात. ऑगस्टमध्ये सूर्यफुलं आणि ब्लेझिंग स्टारचे जांभळे तुरे येतात, सप्टेंबरमध्ये गोल्डनरॉड आणि ॲस्टर. पक्ष्यांसाठी मेअखेर ते जुलैची सुरुवात, आणि तीही सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास.

एप्रिल-मेमध्ये कधी कधी टेकडीचा एखादा भाग काळाठिक्कर पडलेला दिसतो. तो वणवा नसतो, मुद्दाम लावलेली आग असते. साठलेलं वाळकं गवत जळून गेलं की काळ्या जमिनीला ऊन लागतं, ती लवकर तापते आणि नवी पाती जोमानं येतात. ईस्टर्न रेड सिडारसारखी झाडं गवतात शिरू पाहतात, त्यांची रोपं या आगीत मरतात. गवताचं मात्र बिघडत नाही, कारण बिग ब्लूस्टेमची मुळं दोन-तीन मीटर खोल गेलेली असतात आणि वाढीचा कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो. जळलेल्या भागाचे फोटो काढा, त्यावर पाय टाकू नका. महिनाभरानं तोच भाग सगळ्यात हिरवा दिसतो.

दिवसाची वेळ ही सगळ्यात महत्त्वाची निवड. जूनअखेर सूर्योदय सुमारे ५:५० ला आणि सूर्यास्त ९ च्या थोडा नंतर होतो. ऑगस्टअखेर हीच वेळ पावणेसात आणि सव्वाआठ. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत पायवाटेवर असा किंवा संध्याकाळी सहानंतर निघा. अकरा ते चार ही वेळ जून ते ऑगस्टमध्ये टाळाच. थर्मामीटरवर ३२ अंश असतात तेव्हा अंगाला त्याहून बरंच जास्त जाणवतं. भोवती मैलोन्‌मैल पसरलेला मका जुलै-ऑगस्टमध्ये पानांतून भरमसाट पाणी हवेत सोडतो, दमटपणा वाढतो आणि घाम सुकत नाही.

१८०४ ची मंडळी नेमकी ऑगस्टच्या भर उन्हात चालली आणि त्याची किंमत मोजली. होड्यांपासून टेकडी नऊएक मैल. वाटेतच लुइसचा सीमन नावाचा न्यूफाउंडलंड कुत्रा उन्हानं एवढा दमला की त्याला मागे ओढ्यावर पाठवावं लागलं. लुइस स्वतः अशक्त होता. तीनच दिवसांपूर्वी नदीकाठच्या कड्यातली खनिजं तपासताना त्याला विषबाधा होता होता राहिली होती आणि त्यावरच्या औषधांनी तो गळून गेला होता. क्लार्कचा गुलाम यॉर्क उष्णता, तहान आणि थकव्यानं कोसळायच्या बेतात आला होता. क्लार्कनं त्याच्या लठ्ठपणाला दोष दिला आहे, पण क्लार्कच्या वेगानं चालणं त्याच्यावर लादलेलं होतं, हेही वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं. माथ्यावरून उतरल्यावर त्यांना पाण्यासाठी आणखी तीनेक मैल जावं लागलं. तुम्हाला नऊ मैल चालायचं नाही, पण ऊन तेच आहे. आजारातून नुकतं उठलेलं माणूस, जाड केसांचा कुत्रा आणि लहान मूल यांना दुपारी इथे आणू नका.

सोबत काय घ्यायचं

दोन तासांसाठी माणशी एक लीटर पाणी, तीस अंशांच्या वर दीड लीटर. टोपी हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली हवी, कारण माथ्यावर वारा जवळजवळ कायम असतो आणि उडालेली टोपी आणायला गवतात शिरावं लागतं. फुल पँट आणि लांब मोजे उन्हाळ्यातही घाला, त्याचं कारण गोचिडी, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. साधे पकड असलेले बूट पुरतात, मोठ्या ट्रेकिंग बुटांची गरज नाही, पण चपला नकोत, वाटेवरची खडी बोटांत जाते. आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण असेल तर जरूर घ्या. इथे तिचा उपयोग कॅमेऱ्यापेक्षा जास्त होतो. सप्टेंबरपासून वारा अडवणारं पातळ जाकीट पाठपिशवीत असू द्या. पायथ्याशी उकडत असलं तरी घामेजलेल्या अंगावर माथ्यावरचा वारा पाच मिनिटांत काकडवतो.

पायवाट

वाहनतळावरून टेकडी पश्चिमेला समोरच दिसते. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि टेकडीचा पूर्व उतार उजळलेला असतो. टेकडीचा चांगला फोटो इथूनच, पहिल्या तासाभरात मिळतो. संध्याकाळी याच जागेवरून फक्त काळी आकृती येते, तीही वाईट नसते, पण गवताचा पोत हरवतो.

सुरुवातीचा मोठा भाग सपाट आहे. वाट खडीची, रुंद आणि स्पष्ट. इथे वेग कमी ठेवा, कारण गवत ओळखायची जागा हीच. तीन फाट्यांचा, पक्ष्याच्या पायासारखा तुरा दिसला की ते बिग ब्लूस्टेम. सोनेरी, मऊ, एकसंध पिसासारखा तुरा असेल तर इंडियन ग्रास. मोकळा, धुरकट, बारीक दाण्यांचा पसारा म्हणजे स्विच ग्रास. देठाच्या एकाच बाजूला ओटच्या दाण्यांसारखे लोंबते दाणे ओळीनं असतील तर साइडओट्स ग्रामा. हे शेवटचं गवत आणि आखूड लिटल ब्लूस्टेम वर उतारावर जास्त भेटतील, कारण तिथली माती पातळ आणि कोरडी आहे. पायथ्याकडून वर जाताना गवताची उंची कशी उतरत जाते ते पाहत चला. जमिनीत ओल कुठे आहे ते त्यावरून कळतं.

मेडोलार्क, बॉबोलिंक, डिकसिसल हे पक्षी जमिनीवर किंवा गवताच्या बुडाशी घरटी करतात. मे ते जुलै वाट सोडून चार पावलं टाकली तरी घरटं तुडवलं जाऊ शकतं, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. एखादा पक्षी पंख ओढत, जखमी असल्यासारखा तुमच्यापुढे धडपडला तर तो जखमी नसतो, तुम्हाला घरट्यापासून दूर नेत असतो. तिथे न थांबता पुढे जा.

शेवटचा टप्पा चढाचा. तोही अवघड नाही, पण खडी सुटी आहे आणि घसरायला होतं ते चढताना नव्हे, उतरताना. उतरताना पावलं आखूड टाका, टाच रोवून लांब ढांगा टाकल्या की पाय सरकतो. पाऊस पडून गेल्यावर काठाची चिकणमाती बुटांना लगदा होऊन चिकटते, तेव्हा वाटेच्या मधून चाला. चाकाची खुर्ची किंवा मुलांची ढकलगाडी सपाट भागात जाऊ शकते, चढावर मात्र मागून जोर लावणारं माणूस हवं आणि उतरताना ती आवरणं कठीण जातं. अशा वेळी पायथ्यापर्यंत जाऊन परतणं शहाणपणाचं. गवत आणि पक्षी पाहायला तेवढंही भरपूर आहे.

माथ्यावर

माथा लांबट आणि अरुंद आहे. क्लार्कनं वरचा सपाट भाग नव्वद फूट लांब आणि बारा फूट रुंद असल्याचं लिहिलं आणि टेकडीची उंची पासष्ट ते सत्तर फूट धरली. पाऊण मीटरचं एक पाऊल धरलं तर नव्वद फूट म्हणजे छत्तीस पावलं. वाट जिथवर नेते तिथवर पावलं मोजून पाहा. सोबत मुलं असतील तर त्यांना हे काम द्या.

टेकडीच्या नियमित आकारामुळे ती माणसांनी रचली असावी असं क्षणभर वाटतं. क्लार्कलाही वाटलं. मग त्यानं माती आणि गोटे पाहिले, ते जवळच्या ओढ्याच्या दरडीत दिसणाऱ्या मातीगोट्यांसारखेच निघाले, आणि त्यानं ठरवलं की ही निसर्गाचीच करणी असावी. त्याचं अनुमान बरोबर होतं. आत नायोब्ररा नावाच्या खडूच्या दगडाचा गाभा आहे. हा भाग समुद्राखाली होता त्या क्रिटेशस काळात तो साठला. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी बर्फाचा प्रचंड थर यावरून सरकत गेला, आजूबाजूचं सगळं घासून नेलं, हा कठीण गाभा मात्र उरला आणि त्यावर बर्फानं आणलेल्या मातीगोट्यांचं पांघरूण पडलं.

आता वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोरच्या, आडोशाच्या उताराकडे पाहा. इथली सगळ्यात सुंदर गोष्ट तिथे घडते. १८०४ मध्ये मंडळी वर येत असताना आडोशाच्या बाजूला तपकिरी पाकोळ्यांसारख्या छोट्या पक्ष्यांचा मोठा थवा किडे टिपत होता, आणि माणसं काही फुटांवर येईपर्यंत ते पक्षी हलले नाहीत. टेकडीवर असे थवे जमतात म्हणून इथे काही विलक्षण शक्ती आहे, असं स्थानिक लोक मानत. क्लार्कनं कारण शोधलं: भोवती उघडं, सपाट मैदान. वारा कुठूनही आला तरी टेकडीवर आदळतो, वाहून आलेले किडे आडोशाला टेकतात आणि पक्षी त्यांच्या मागे येतात. उन्हाळ्यातल्या वाऱ्याच्या दिवशी हे आजही पाहता येतं. त्यासाठी दहा मिनिटं न हलता बसावं लागतं. दक्षिणेचा वारा असेल तर उत्तर उतार पाहा, वायव्येचा असेल तर आग्नेय. वाराच नसेल त्या दिवशी पक्षी विखुरलेले असतात आणि मग ‘काहीच दिसलं नाही’ अशी तक्रार होते.

मग दूरचं पाहा. क्लार्कनं उत्तर, वायव्य आणि ईशान्येला नजर पोचेल तिथवर अखंड मैदान असल्याचं लिहिलं, आणि त्यात चरणारे बायसन व एल्क मिळून आठशेहून जास्त मोजले. आज त्या जागी मका आणि सोयाबीन आहे. अंतराचा अंदाज घ्यायचा असेल तर रस्ते मोजा. या भागाची जमीन एक मैल बाजूच्या चौकोनांत आखलेली आहे आणि त्या रेषांवरून शेतरस्ते जातात. पहिला आडवा रस्ता, दुसरा, तिसरा असे मोजत गेलं की एखादं धान्याचं कोठार किती मैलांवर आहे ते कळतं. असा चौकोन ६४० एकरांचा असतो, म्हणजे या टेकडीचं क्षेत्र त्याच्या निम्मं. दक्षिणेला व्हर्मिलियन, आणि स्वच्छ हवेत त्यापलीकडे मिझुरीच्या नेब्रास्का काठावरच्या टेकड्यांची निळसर रेघ दिसते. मंडळी तिकडूनच चालत आली होती. दुपारच्या उष्ण धुरकट हवेत ती रेघ पुसली जाते, थंड आघाडी सरकून गेल्यानंतरच्या सकाळी ती सगळ्यात स्पष्ट असते.

वीज, वारा, बर्फ

मैलभरात तुमच्याहून उंच काहीही नाही. विजेच्या वेळी या टेकडीवर असणं जिवावर बेतू शकतं. मे ते ऑगस्टमध्ये दुपारनंतर ढग चढतात, त्यामुळे निघण्यापूर्वी राष्ट्रीय हवामान सेवेच्या सू फॉल्स केंद्राचा त्या दिवसाचा अंदाज वाचा. वर असताना पश्चिमेकडे लक्ष ठेवा, वादळं बहुधा तिकडूनच येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. पण मोजत बसण्याचीही गरज नाही, पहिला गडगडाट ऐकू आला की उतरायला लागा. गाडीपर्यंत वीस मिनिटं लागतात हे विसरू नका. पत्र्याच्या टपाची बंद गाडी हाच इथला सुरक्षित आडोसा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबूनच पुन्हा वाटेवर या. टोर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या चक्रीवादळाचा, इशारा असेल तर टेकडी दुसऱ्या दिवसावर टाका आणि गावातल्या पक्क्या इमारतीत थांबा.

हिवाळ्यात जायचं असेल तर बर्फ पडून वारा शांत झाल्यावर जा. डिसेंबरअखेर सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. वाटेवरचं बर्फ पायांनी दाबून गुळगुळीत होतं आणि चढाचा भाग काचेसारखा निसरडा होतो. बुटांना बसवायचे छोटे लोखंडी दात सोबत ठेवा. उणे दहा अंशाला माथ्यावरच्या वाऱ्यात उघडी कातडी बधिर व्हायला वेळ लागत नाही. ताज्या बर्फावर कायोटी, हरणं आणि उंदरांच्या पावलांचे माग मात्र फार छान उमटतात.

गोचिडी आणि पॉइझन आयव्ही

एप्रिल ते जुलै गोचिडींचा काळ. त्या गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसतात आणि घासून जाणाऱ्याला चिकटतात. म्हणजे वाटेच्या मधून चालणाऱ्याला त्रास कमी, कडेनं किंवा गवतातून जाणाऱ्याला जास्त. पँटची तळं मोज्यांत खोचा. फिकट रंगाचे कपडे घाला, त्यावर गोचीड लगेच दिसते. वीस ते तीस टक्के डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध उघड्या कातडीला लावा. ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांवर, आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा, ते कातडीला लावायचं नसतं. मांजरांना ते विषारी आहे, त्यामुळे ओले कपडे घरात पसरू नका.

ओलसर कडेला, झुडपांपाशी तीन पानांचा चकचकीत झुबका दिसला तर हात लावू नका, ती पॉइझन आयव्ही, म्हणजे रसानं कातडीला खाज आणणारी वेल, असू शकते. चुकून लागलीच तर तेलकट रस कातडीत मुरायच्या आत, जमेल तितक्या लवकर साबण आणि थंड पाण्यानं धुवा. गाडीत साबण आणि पाण्याची जास्तीची बाटली ठेवायची ती यासाठी. बुटाच्या नाड्यांनाही तो रस लागतो आणि दुसऱ्या दिवशी हाताला खाज सुटते.

दिवस उरला तर

सकाळी टेकडी झाली की दहा वाजता तुम्ही मोकळे असता. महामार्ग १९ नंच दक्षिणेला जाऊन मिझुरीवरचा पूल ओलांडला की नेब्रास्काच्या बाजूला मल्बरी बेंडची निरीक्षण जागा येते. तिथून नदीचा धरणांनी न अडलेला, वाळूच्या बेटांचा पट्टा दिसतो. क्लार्कच्या माणसांनी पाहिलेल्या नदीच्या जवळ जाणारं दृश्य या परिसरात इथेच आहे.

मोहिमेच्या तारखांच्या क्रमानं दिवस आखायचा असेल तर सू सिटीपासून सुरुवात करा. २० ऑगस्ट १८०४ रोजी तिथे सार्जंट चार्ल्स फ्लॉइडचा मृत्यू झाला, बहुधा फुटलेल्या आंत्रपुच्छामुळे. संपूर्ण मोहिमेत दगावलेला तो एकमेव सदस्य. नदीवरच्या उंचवट्यावर त्याच्या स्मरणार्थ शंभर फुटी दगडी स्तंभ आहे. तिथून स्पिरिट माउंड, तारीख २५. मग महामार्ग ५० नं यँक्टनला आणि पुढे गॅव्हिन्स पॉइंट धरणाजवळच्या कॅल्युमेट ब्लफला, जिथे ३० आणि ३१ ऑगस्टला यँक्टन सू समाजाशी त्यांची बोलणी झाली. धरणाच्या नेब्रास्का बाजूचं माहिती केंद्र त्याच उंचवट्यावर आहे. या क्रमात अडचण एकच: टेकडी दुपारी येते. जून ते ऑगस्टमध्ये म्हणून क्रम मोडा, टेकडी पहाटे करा आणि फ्लॉइडचा स्तंभ परतीच्या वाटेवर ठेवा. सप्टेंबरनंतर तारखांच्या क्रमानं गेलात तरी चालेल.

मुक्कामी पोचल्यावर, दोन तासांच्या आत अंघोळ करा आणि गोचिडी शोधा: कानामागे, केसांत, काखेत, कंबरेभोवती, गुडघ्यामागे. मुलांचं डोकं दुसऱ्यानं तपासावं. रुतलेली गोचीड सापडली तर टोकदार चिमट्यानं कातडीलगत धरा आणि सरळ वर, एकसारख्या जोरानं ओढा. पिळू नका, चटका देऊ नका, व्हॅसलीन फासू नका, त्यानं ती सुटायला उलट वेळ लागतो. जागा साबणानं धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. घातलेले कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. आधी धुतले तर गोचिडी पाण्यातूनही जगतात, कोरड्या उष्णतेनं मात्र मरतात.